संत निकोलसच्या तीन थैल्या

आगमनकाळ सुरू झाला, की आपल्या धर्मग्रामांतून एक ओळखीची लगबग दिसू लागते. गव्हाणीसाठी बांबू आणि गवत गोळा होते, गायनवृंदाच्या तालमी रात्री उशिरापर्यंत चालतात, घराघरांतून करंज्यांचा आणि केकचा वास दरवळू लागतो आणि मंदिराच्या दाराशी एक मोठी पेटी येऊन बसते. गरजूंच्या नाताळासाठी तांदूळ, साखर, तेल, नवे कपडे आणि खेळणी असे जे जमेल ते भाविक तिच्यात आणून टाकतात. संत विन्सेंट डी पॉल संस्थेचे सभासद याद्या तपासतात, टोपल्या भरतात आणि नाताळच्या आधी त्या घरोघर पोहोचवतात. ही परंपरा सुंदर आहे आणि ती जपणाऱ्यांचे ऋण आम्ही मानतो.

परंतु या पेटीतील दान जिच्यापर्यंत सहसा पोहोचत नाही, अशी एक स्त्री आहे. घरातील मारहाण असह्य झाल्याने ती मुलांना घेऊन बाहेर पडलेली असते आणि कुठल्यातरी आश्रयगृहात दिवस काढत असते. आपली यादी घरांची असते, कुटुंबप्रमुखांच्या नावांनी लिहिलेली असते. जिने घर सोडले तिचे नाव त्या यादीतून आपोआप गळते. अशा स्त्रियांच्या आणि त्यांच्या मुलांच्या नाताळासाठी ख्रिस्ती समाजाने आणि इतरांनी काय केले, केव्हा केले, आणि काय करायचे राहून गेले, याचा थोडा इतिहास वाचकांपुढे ठेवावा, असा आमचा हेतू आहे.

मायराच्या बिशपांची कथा

नाताळच्या भेटवस्तूंची परंपरा आपण ज्यांच्याशी जोडतो, ते संत निकोलस चौथ्या शतकात आशिया मायनरमधील मायरा नगरीचे बिशप होते. त्यांच्या जीवनाविषयी खात्रीची ऐतिहासिक माहिती थोडी आहे. मात्र त्यांच्या मृत्यूनंतर काही शतकांनी लिहिल्या गेलेल्या चरित्रांतून एक कथा सर्वत्र पसरली आणि ती आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात लहानपणापासून ऐकत आलो आहोत. एका सुखवस्तू गृहस्थाचे दिवस फिरले. तीन मुली लग्नाच्या वयाच्या होत्या, हुंड्याला पैसा नव्हता. निकोलसने रात्रीच्या अंधारात खिडकीतून सोन्याची एक थैली आत टाकली आणि थोरल्या मुलीचे लग्न झाले. तसेच दुसरीचे झाले. तिसऱ्या रात्री तो गृहस्थ जागा राहिला, त्याने देणाऱ्याला गाठले आणि त्याचे पाय धरले. निकोलसने त्याच्याकडून एकच वचन घेतले, की हे कोणाला सांगायचे नाही.

कथेचा जो भाग लहान मुलांना सांगताना आपण गाळतो, तोच आज आठवायला हवा. त्या पित्याने आपल्या मुलींना देहविक्रयास लावण्याचे ठरवले होते. म्हणजे त्या मुलींना धोका रस्त्यावरच्या चोराचा नव्हता, शत्रूच्या सैन्याचा नव्हता. तो त्यांच्याच घरातून, त्यांच्याच पित्याकडून होता. नाताळच्या भेटीची आपली सारी परंपरा ज्या कथेशी नाते सांगते, ती स्वतःच्या घरात असुरक्षित झालेल्या मुलींना पोहोचवलेल्या मदतीची कथा आहे.

या कथेत दोन प्रकारची मौने आहेत. एक निकोलसचे मौन. दान करताना उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू नये, असे प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात शिकवले, त्याला धरून असलेले हे मौन आहे. दुसरे मौन त्या घराचे. चार भिंतींच्या आत काय शिजत होते, ते मुली कोणाला सांगू शकत नव्हत्या. पहिले मौन पवित्र आहे, दुसरे जीवघेणे. ख्रिस्तसभेच्या इतिहासाकडे प्रामाणिकपणे पाहिले, तर पहिले मौन आपण चांगले शिकलो असे दिसते. दुसरे मोडायला मात्र आपल्याला फार वेळ लागला.

फाबिओला आणि मोनिका

विधवा आणि अनाथ यांची काळजी ही आद्य ख्रिस्तसभेची ओळखच होती. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात विधवांच्या रोजच्या वाटपावरून तक्रार उठली आणि तिच्या निवारणासाठी सात सेवक नेमले गेले, हे आपण वाचतो. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस तेर्तुलियनने ख्रिस्ती लोकांच्या सामाईक पेटीचे वर्णन केले आहे. जो तो महिन्यातून एकदा, स्वखुशीने, ऐपतीप्रमाणे देई आणि त्यातून अनाथ, वृद्ध व बंदिवान यांचा सांभाळ होई. आपल्या मंदिराच्या दारातली पेटी ही त्याच पेटीची नात म्हणायला हरकत नाही.

पण जिचा पती जिवंत आहे आणि पतीच जिचे दुःख आहे, तिचे काय? चौथ्या शतकात या प्रश्नाला दोन स्त्रियांच्या चरित्रांतून दोन उत्तरे मिळतात.

पहिली रोममधील फाबिओला. संत जेरोम यांनी तिच्या निधनानंतर ३९९ साली लिहिलेल्या पत्रात तिची हकीकत आहे. तिचा पहिला पती इतका दुराचारी होता, की कोणतीही स्त्री त्याच्याशी नांदली नसती, असे जेरोम स्पष्ट लिहितात. तिने त्याला सोडले. तो जिवंत असताना दुसरा विवाह केल्याबद्दल तिने पुढे जाहीर प्रायश्चित्त घेतले, पण पहिल्या पतीला सोडल्याबद्दल जेरोम तिला दोष देत नाहीत. जे स्त्रीला निषिद्ध ते पुरुषालाही निषिद्ध, हा ख्रिस्ती नियम ते तिथेच बजावतात. फाबिओलाने आपली सारी संपत्ती विकून रोममध्ये रुग्णालय उभारले आणि रस्त्यावर पडलेल्या रोग्यांना स्वतः उचलून तिथे आणले. तिचा स्मरणदिन २७ डिसेंबरला, म्हणजे नाताळच्या अष्टकातच मानला जातो.

दुसरी संत मोनिका. संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मकथनाच्या नवव्या भागात आईविषयी लिहिताना सांगितले आहे, की गावातल्या अनेक बायकांच्या तोंडावर नवऱ्याच्या माराचे वळ असत. आपला पिता शीघ्रकोपी असूनही मोनिकाने मार खाल्ला नाही, याचे त्या बायकांना नवल वाटे. मोनिका त्यांना सल्ला देई, की विवाहकरार वाचला गेला त्या क्षणापासून आपण दासी झालो असे समजा आणि जिभेला आवर घाला. मोनिकाच्या संतत्वाबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. तिच्या काळात त्या बायकांना दुसरे दार उघडे नव्हते. परंतु एका काळाची अगतिकता पुढे सर्व काळांचा उपदेश होऊन बसली. फाबिओलाची हकीकत ग्रंथालयात राहिली आणि मोनिकाचा सल्ला प्रवचनपीठावरून उतरून घराघरांत पोहोचला.

आपल्या मातीतले एक पान

आपल्या महाराष्ट्रातही या इतिहासाचे एक पान आहे. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवांना गुप्तपणे बाळंत होण्याची सोय तिथे होती. त्यानंतर पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास नेले. घरच्यांनीच ज्यांना उणे लेखले, उपाशी ठेवले, राबवले, अशा बालविधवांसाठी ते घर होते.

त्या घराचा खर्च कसा चालला, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. रमाबाईंच्या आवाहनावरून १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टन येथे अमेरिकन रमाबाई असोसिएशनची स्थापना झाली. अमेरिकेत गावोगाव ‘रमाबाई मंडळे’ निघाली आणि त्यांतील सामान्य स्त्रियांनी दहा वर्षे, दरवर्षी निदान एक डॉलर देण्याचे वचन दिले. ज्या मुलींचे चेहरे त्या कधी पाहणार नव्हत्या, त्यांच्यासाठी हे डॉलर जमले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून रमाबाईंनी सुमारे तीनशे मुली केडगावला आणल्या आणि मुक्ति मिशन वाढत गेले. रमाबाई आपल्या पंथाच्या नव्हत्या आणि त्यांच्या हयातीत त्यांच्यावर टीका करणाऱ्यांची उणीव नव्हती. तरी निराधार स्त्रीला आधी दार उघडावे आणि मग बाकीचे बोलावे, हा धडा त्यांच्याकडून घेण्यात आपल्याला कमीपणा नाही.

चिझिकचे घर आणि टोरोंटोचे घर

पतीच्या मारहाणीतून सुटलेल्या स्त्रियांसाठीच उघडलेली, आज आपण ज्यांना आश्रयगृह म्हणतो तशी घरे मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली. १९७१ साली लंडनच्या चिझिक भागात एरिन पिझी यांनी एक लहानसे घर मिळवून स्थानिक आयांना एकत्र बसण्या-बोलण्याची जागा केली. थोड्याच दिवसांत अंगावरचे काळेनिळे वळ दाखवणाऱ्या स्त्रिया तिथे येऊ लागल्या आणि त्या परत जाण्यास तयार नव्हत्या. बैठकीची जागा राहण्याची जागा झाली. आलेल्या कोणालाही परत पाठवायचे नाही या नियमामुळे खोल्यांतून गाद्यांना गादी लागली. पिझी यांनी १९७४ साली यावर पुस्तक लिहिले. शेजाऱ्यांना ऐकू जाईल म्हणून हळू किंचाळ, अशा अर्थाचे त्याचे नाव होते. त्या घरांचे मौन याहून नेमक्या शब्दांत क्वचितच कोणी मांडले असेल.

कॅनडात १९७३ साली टोरोंटो येथे ‘इंटरव्हल हाउस’ उघडले. देशातील अगदी पहिल्या आश्रयगृहांपैकी ते एक. आपल्या वसई-मुंबई परिसरातील अनेक कुटुंबे गेल्या काही दशकांत टोरोंटोच्या आसपास स्थायिक झाली आहेत. त्यामुळे त्या शहराचे नाव आता आपल्याला परके राहिलेले नाही.

घरे उघडली, तरी समाजाचे कान उघडायला वेळ लागला. १२ मे १९८२ रोजी मार्गारेट मिचेल या सदस्या कॅनडाच्या संसदेत उभ्या राहिल्या आणि दहांपैकी एक पती पत्नीला नियमितपणे मारतो, या अहवालाकडे त्यांनी शासनाचे लक्ष वेधले. सभागृहातून उत्तर आले ते हशाचे. तो हशा देशभर गाजला, स्त्रियांनी निषेध केला, आणि ज्या विषयावर कोणी बोलत नव्हते तो विषय वृत्तपत्रांत आला.

त्यानंतर ६ डिसेंबर १९८९ चा दिवस उजाडला. मॉन्ट्रियलच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात एका बंदूकधाऱ्याने विद्यार्थी आणि विद्यार्थिनी वेगळे केले आणि केवळ स्त्रिया म्हणून चौदा जणींना ठार केले. ही घटना घरातली नव्हती. पण स्त्रीद्वेषाचे मूळ किती खोल आहे, हे त्या देशाला त्या दिवशी दिसले. १९९१ साली संसदेने ६ डिसेंबर हा स्त्रियांवरील हिंसेविरुद्धचा राष्ट्रीय स्मृतिदिन म्हणून मुक्रर केला. त्याच वर्षी तेथील काही पुरुषांनी पांढरी फीत लावून, आपण हिंसा करणार नाही आणि ती पाहून गप्पही बसणार नाही, अशी शपथ घेण्याची चळवळ सुरू केली.

वाचकांच्या ध्यानात आले असेल. ६ डिसेंबर हा संत निकोलसचा सण आहे.

बुटांच्या खोक्यातला नाताळ

२०११ साली टोरोंटोमध्ये मल्रोनी कुटुंबातील चार जावा-नणंदांनी एक साधा उपक्रम सुरू केला. बुटांचा रिकामा खोका घ्यायचा, त्याला सुंदर कागद लावायचा, त्यात सुमारे पन्नास डॉलरपर्यंतच्या नव्या वस्तू भरायच्या आणि नाताळच्या आधी तो स्त्रियांच्या आश्रयगृहात पोहोचवायचा. हातमोजे, पायमोजे, साबण, हाताला लावायचे मलम, चॉकलेट आणि स्वहस्ते लिहिलेल्या दोन ओळी असे त्या खोक्यात असते. हा उपक्रम ख्रिस्तसभेचा नाही, सर्व थरांतील लोक त्यात भाग घेतात. पुढे तो कॅनडाच्या अनेक शहरांत आणि अमेरिकेतही पसरला.

प्रश्न पडेल, की ज्या स्त्रीचे घर मोडले, जिच्यापुढे न्यायालय, पोलीस आणि मुलांची शाळा असे डोंगर उभे आहेत, तिला मलमाच्या डबीचे काय होय? याचे उत्तर त्या घरांच्या जीवनक्रमात आहे. रात्री-अपरात्री निघालेली आई मुलांचे कपडेही घेऊ शकत नाही, मग खेळणी कुठून घेणार? डिसेंबर आला, की मूल विचारते, नाताळबाबाला आपला नवा पत्ता ठाऊक आहे का? मुलांचा सण मोडू नये म्हणून कितीतरी स्त्रिया मार सोसत जानेवारीपर्यंत थांबतात, आणि कितीतरी सणासाठी म्हणून परत जातात. आश्रयगृहातला नाताळ उजळला, तर परत जाण्याचे हे एक कारण तरी कमी होते.

दुसरे कारण अधिक खोल आहे. हिंसा असलेल्या घरात भेटवस्तूसुद्धा निर्मळ राहत नाही. काल मारले, आज साडी आणली, आणि साडी नेसल्यावर कालचे बोलायचे नाही, असा तिथला व्यवहार असतो. प्रत्येक भेटीच्या मागे एक दोरी बांधलेली असते. अशा स्त्रीच्या हाती कोणीतरी अनोळखी माणूस काहीही न मागता, नाव न सांगता एक खोका देतो, तेव्हा दोरी नसलेली भेट जगात असते हे तिला कित्येक वर्षांनी पुन्हा कळते. दैवी कृपा म्हणजे काय, हे आम्ही धर्मशास्त्राच्या वर्गात शिकलो. तिला ते खोका उघडताना उमगत असेल.

देणाऱ्यांनीही अनुभवातून काही शहाणपण शिकले आहे. वस्तू नवी असावी, कारण वापरून जुने झालेले तिला पुष्कळ मिळालेले असते. आश्रयगृहाचा पत्ता गुप्त असतो, म्हणून दान मधल्या संस्थेकडे द्यावे, स्वतः पोहोचवण्याचा आग्रह धरू नये. छायाचित्र काढू नये. काही ठिकाणी मुलांची खेळणी आधी एका खोलीत मांडतात, आई तिथून स्वतः निवडते, स्वतः कागदात बांधते आणि मुलाच्या हाती देते. मुलाला भेट आईकडून मिळते. देणारा समाज पडद्याआड राहतो. निकोलसने खिडकीतून थैली टाकली, तीही अशीच.

जे आम्हाला ठाऊक होते

इथे आम्हाला स्वतःविषयी थोडे लिहिले पाहिजे. आमच्या धर्मगुरुपदाच्या आरंभीच्या वर्षांत, डिसेंबरातील एका संध्याकाळी, एक माता मंदिराच्या कार्यालयात आली होती. तिच्या मनगटावरचा वळ आम्ही पाहिला. आम्ही तिला म्हणालो, “बाई, नाताळ तोंडावर आला आहे, मुलांकडे पाहा, आत्ता घर मोडू नका. आम्ही प्रार्थना करतो.” तिच्या घराला मदतीची गरज आहे हे आमच्या ध्यानात आले होते, म्हणून नाताळची टोपली आम्ही आवर्जून पाठवली. नाताळच्या सकाळी मिस्सानंतर तिच्या पतीने आमचा हात हातात घेऊन टोपलीबद्दल आभार मानले. ती मागे उभी होती. तिने आमच्याकडे पाहिले नाही, आणि त्यानंतर ती आमच्याकडे कधी आली नाही.

आमचे अज्ञान हे त्याचे कारण नव्हते. १९८३ च्या धर्मनियमसंहितेतील ११५३ वा नियम आम्ही सेमिनरीत शिकलो होतो. जो जोडीदार दुसऱ्याच्या किंवा मुलांच्या शरीराला अथवा मनाला गंभीर धोका निर्माण करतो, तो दुसऱ्याला वेगळे राहण्याचे वैध कारण देतो. आणि विलंबात धोका असेल, तर त्या पीडित व्यक्तीला कोणाच्या हुकमाची वाट न पाहता स्वतःच्या अधिकारात निघून जाता येते. १९१७ च्या संहितेतही असाच नियम होता. म्हणजे दार उघडेच होते. आम्ही त्या दारात उभे राहून वाट अडवली.

१९८९ साली क्वेबेकच्या बिशपांच्या समितीने पती-पत्नींमधील हिंसेवर चिंतन प्रसिद्ध केले. १९९२ साली अमेरिकेच्या बिशपांनी आपले पत्रक काढले आणि २००२ साली ते सुधारून पुन्हा दिले. हिंसा असलेल्या विवाहात राहण्याची अपेक्षा कोणाकडूनही केली जात नाही, असे त्यात निःसंदिग्धपणे म्हटले आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात तर दुर्बल जोडीदाराला आणि लहान मुलांना वाचवण्यासाठी विभक्त होणे कधी कधी नैतिक दृष्ट्या आवश्यकही असते, असे शिकवले. विवाह-संस्काराचे पावित्र्य याने कमी होत नाही. त्या पावित्र्यावर घाव घालणारा हात कोणाचा आहे, एवढेच यातून स्पष्ट होते.

आपल्या देशात २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. पीडित स्त्रीने मागणी केल्यास तिला आश्रय देणे हे त्यानुसार आश्रयगृहाच्या प्रमुखाचे कर्तव्य आहे. १८१ या क्रमांकावर स्त्रियांना मदत मागता येते. हा क्रमांक सूचनाफलकावर लावायला कोणत्याही धर्मग्रामाला खर्च येत नाही.

रात्रीच उठलेला योसेफ

संत मत्तय सांगतो, की हेरोद बाळाचा घात करू पाहत आहे असे देवदूताने स्वप्नात सांगताच योसेफ उठला आणि रात्रीच बाळ व त्याची आई यांना घेऊन मिसर देशास निघून गेला. सकाळ होईपर्यंत तो थांबला नाही. सहन कर, प्रार्थना कर, असे त्याने मरियेला सांगितले नाही. आपल्या तारणाऱ्याचे बालपण आश्रयाला गेलेल्या मुलाचे बालपण आहे. ज्ञानी पुरुषांनी दिलेले सोने त्या परदेशातील दिवसांत उपयोगी पडले असावे, असे कितीतरी भाष्यकारांना वाटत आले आहे. तसे असेल, तर पहिल्या नाताळची पहिली देणगीही पळून गेलेल्या एका कुटुंबाच्या कामी आली.

या आगमनकाळात मंदिराच्या दाराशी पेटी येईल, तेव्हा तिच्याशेजारी आणखी एक लहान पेटी ठेवावी, असे आम्ही आमच्या धर्मग्रामात ठरवले आहे. तिच्यावर कोणत्याही घराचे नाव नसेल. तिच्यातल्या वस्तू नव्या असतील आणि त्या कुठे गेल्या हे आम्ही प्रवचनपीठावरून सांगणार नाही. मात्र त्या पेटीची गरज का पडते, हे आम्ही ६ डिसेंबरला, संत निकोलसच्या सणाच्या मिस्सामध्ये, मोठ्याने सांगणार आहोत. कार्यालयाचे दार त्या संध्याकाळी उघडे राहील. कोणी मनगट पदराखाली झाकून आली, तर यावेळी आम्ही तिला नाताळची आठवण करून देणार नाही. खुर्ची पुढे करू, आणि ती बोलू लागेपर्यंत थांबू.